माग आणि मागावरची माणसे : ‘फकिरा’ व ‘उचल्या’ यांच्या आधारे एक विचार

दुर्गम रानात दडलेल्या फरारी व्यक्तीचा माग कसा काढावा, हा विषय पोलीस प्रशिक्षणात प्रामुख्याने शारीरिक क्षमतेचा आणि तंत्राचा मानला जातो. मराठी साहित्यात या विषयाची दुसरी बाजू नोंदलेली आहे. परंतु समीक्षेचे तिकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. ‘फकिरा’तील शौर्याची आणि ‘उचल्या’तील वेदनेची चर्चा पुष्कळ झाली. पोलीस माणसाला नेमके कसे शोधतात, हा दोन्ही कृतींतील प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

‘माग’ हा शब्द मूळचा गावगाड्यातला आहे. चोरी झाली की चोराची पावले ओळखून ती शिवेपर्यंत नेणे आणि पुढच्या गावाच्या हवाली करणे, ही जबाबदारी प्रदेशपरत्वे महार, मांग, रामोशी किंवा भिल्ल रखवालदारांकडे असे. पुढील गावाला माग पुढे नेता आला नाही, तर नुकसानीचा भार त्याच्यावर येई. कोवळ्या तिरप्या उन्हात ठसा उठून दिसतो, दुपारी तो मावळतो. जनावरे गेली की मोडतो. हे ज्ञान पिढीजात होते आणि त्याला बलुत्याचा, म्हणजे हक्काचा आधार होता. वसाहतकाळात हा आधार ढासळला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे अनेक जमातींना जन्मतःच संशयित ठरविले. माग काढणारे रामोशीही त्यांत आले.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) मध्ये ही उलथापालथ स्पष्ट दिसते. जोगिणीच्या प्रसंगात राणोजीचा पाठलाग होतो, तेव्हा शीव हीच निर्णायक रेषा असते. पाठलागालाही गावाने मानलेली मर्यादा आहे. फकिराच्या वाट्याला आलेल्या सरकारी पाठलागाला अशी शीव नाही. तरीही डोंगर जाणणाऱ्या फकिराला सरकार रानात गाठू शकत नाही. अखेर त्याची माणसे ओलीस धरली जातात आणि तो स्वतःहून हजर होतो. समीक्षक याकडे नायकाचा त्याग म्हणून पाहतात. ते चूक नाही. पण हा पोलिसी कौशल्याच्या पराभवाचाही पुरावा आहे. माग काढता आला नाही, म्हणून वस्ती धरली गेली.

लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७, साहित्य अकादमी पुरस्कार १९८८) हे आत्मकथन याच्या पुढचे टोक दाखविते. येथे रान नाही, पाठलागही नाही. धनेगाव निजामी मुलखातले; पण हजेरीचा जाच तेथेही होताच. १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यानंतरही पोलीस रात्री त्याच झोपड्यांत शिरतात. पाऊलखुणा वाचण्याची गरजच उरलेली नाही, कारण संशयिताचा पत्ता आधीच ठरलेला आहे. गायकवाडांच्या निवेदनात या भागाला आक्रोशाचा सूर फारसा नाही. नित्याची गोष्ट सांगावी तसे ते सांगतात, आणि म्हणूनच ते अधिक अस्वस्थ करते.

या पार्श्वभूमीवर गडचिरोलीतील सी-६० पथकाकडे पाहावे लागते. १९९० मध्ये के. पी. रघुवंशी यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हे पथक स्थानिक तरुणांतून घडविले गेले. त्यांना माडिया-गोंडी बोली व रानवाटा ठाऊक होत्या. गावगाड्याने जे ज्ञान रखवालदाराकडे सोपविले होते, ते राज्यसंस्थेने शतकानंतर पुन्हा जवळ केले, असे म्हणता येईल. मात्र एक फरक राहतो. जुना रखवालदार आपल्या गावाला उत्तरदायी होता. कमांडोची बांधिलकी आदेशाशी असते आणि त्याचे नातलग त्याच रानात राहतात.

आपल्याकडे किनवट-माहूरच्या सागवानी पट्ट्यात गोंड, कोलाम व आंध वस्त्या आहेत आणि पलीकडे लगेच तेलंगणाची हद्द लागते. अशा सीमेवर नेमल्या जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठ्यक्रमात ठसे, वारा व नकाशा यांच्या बरोबरीने ‘उचल्या’तील त्या रात्रींची पानेही असावीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वर्गात ती वाचताना प्रशिक्षणार्थी प्रथम चिडतील, हेही खरे. दोन्ही कृतींत एक उणीव मात्र जाणवते. शोधला जाणारा माणूस त्यांत बोलतो. जमीन वाचणारा, माग काढणारा रखवालदार अजून बोललेला नाही.