भंगारातले तांबे आणि एक अर्धे विधान

‘पोलादाचा पुनर्वापर कितीही वेळा करता येतो, त्याच्या गुणांत काही उणे होत नाही,’ हे वाक्य लेखांतून आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांतून सर्रास भेटते. हेतू चांगला आहे. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद करताना सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विजेच्या भट्टीत भंगार वितळवले तर त्याहून पुष्कळच कमी. पण विधान अर्धेच खरे आहे.

मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की त्यावर तांबे चढते, हा प्रयोग आपण दरवर्षी करतो. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील, एवढे सांगून थांबतो. तेच पुढे भट्टीपर्यंत न्यावे. ऑक्सिजन फुंकला की कार्बन वायूरूपाने जातो, सिलिकॉन, फॉस्फरस मळीत जातात. तांबे जाळायचे तर आधी सगळे लोखंड जाळावे लागेल! म्हणून मोटारींच्या वायरींतले तांबे आणि डब्यांवरचे कथील पोलादातच राहते आणि फेरीगणिक साचते.

लाटणीसाठी पोलाद ११०० ते १२५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तेव्हा पृष्ठभागावरचे लोखंड गंजून पापुद्रा होते, तांबे मात्र त्याखाली गोळा होते. त्याचा द्रवणांक १०८५ अंश. वितळलेले तांबे स्फटिककणांच्या सीमांत शिरते आणि पत्र्याला भेगा पडतात. कथील असले तर आणखी लवकर. बांधकामाच्या सळईला टनामागे सुमारे ४ किलो तांबे चालते. खोल दाबून आकार द्यायच्या मोटारीच्या पत्र्याला ६०० ग्रॅमच्या वर चालत नाही.

उच्च बलाच्या पोलादात दुखणे वेगळे. ३५० ते ५५० अंशांच्या पट्ट्यात ते सावकाश थंड झाले तर फॉस्फरस, कथील, अँटिमनी कणसीमांवर जमतात. कण मजबूत, सांधा कच्चा. मग आघाताने पोलाद वाकण्याऐवजी तुटते.

तांबे सदाचे वैरी आहे असेही नाही. उघड्यावर कमी गंजणाऱ्या पोलादात ते मुद्दाम घालतात, आणि सोबत निकेल असले की भेगाही कमी पडतात. एरवी उपाय दोनच: भंगार नीट निवडणे, किंवा खनिजापासून केलेले नवे लोखंड मिसळून तांब्याचे प्रमाण उतरवणे. या दुसऱ्या उपायातला कार्बन डायऑक्साइड मात्र प्रकल्पवह्यांतल्या बेरजेत सहसा धरलेला नसतो.