बेन्झरने जनुकाला विचारलेला प्रश्न

विल्हेल्म योहान्सनने 1909 मध्ये ‘जनुक’ ही संज्ञा दिली, तेव्हा तिच्यामागे बोट ठेवावे अशी कोणतीच वस्तू नव्हती. पुढे बरीच वर्षे जनुक म्हणजे माळेतला अखंड मणी मानला गेला. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात सीमोर बेन्झरने 1950च्या दशकात ही समजूत मोडली. ती कशी मोडली, हे सावकाश पाहण्यासारखे आहे.

आधी साहित्याची निवड पाहा. टी4 हा जीवाणूंवर जगणारा विषाणू. त्याच्या ‘आर-टू’ भागात बिघाड झाला, की ई. कोलाय या जीवाणूच्या ‘बी’ वाणावर तो मोठी, रेखीव कडांची वर्तुळे उमटवतो. ‘के’ वाणात मात्र त्याची वाढच होत नाही. म्हणून दोन सदोष विषाणूंचा संकर ‘बी’मध्ये करायचा आणि संतती ‘के’वर पसरायची. कोटींत एखादाच निर्दोष निपजला, तरी ताटलीवर तो स्वतःहून दिसतो. अशा नजरेपुढे मणी अखंड राहिला नाही: एकाच जनुकाच्या आतही अदलाबदल होते, हे उघड झाले.

मग जनुक म्हणायचे कशाला? बेन्झरने दोन सदोष विषाणू एकाच वेळी ‘के’ जीवाणूत सोडले. त्यांचे बिघाड वेगवेगळ्या कामांत असतील, तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि जीवाणू फुटतो. बिघाड एकाच कामात असतील, तर सोबतीचा उपयोग नाही. जे बिघाड एकमेकांची उणीव भरू शकत नाहीत, ते सारे एका जनुकातले. ‘आर-टू’मध्ये अशी दोन जनुके निघाली.

यातली सर्वांत नाजूक जागा सहज नजरेतून निसटते. दोन्ही बिघाड एकाच विषाणूत आणून त्याच्यासोबत निर्दोष विषाणूही सोडायचा. बिघाड तेच, संख्या तीच, फक्त मांडणी निराळी. आणि आता जीवाणू फुटतो. म्हणजे मघाचे अपयश बिघाडांच्या विषारीपणामुळे नव्हते, हे सिद्ध झाले. शंकेला जागाच न ठेवणारी ही पडताळणी मला साऱ्या प्रयोगाचा प्राण वाटते.

अशा संकरांतून बेन्झरने ‘आर-टू’चा नकाशाही काढला. 1961च्या नकाशात सुमारे 2,400 उत्परिवर्तने, म्हणजे असे बिघाड, 304 जागांवर बसवलेली दिसतात. प्रत्येक जोडीचा संकर करायचा, तर लाखो ताटल्या लागल्या असत्या. बेन्झरने मोठा तुकडाच गळालेले विषाणू वापरले: निर्दोष संतती मिळाली, तर बिघाड त्या तुकड्याबाहेर, नाही मिळाली, तर आत. उणीव भरून काढण्याची ती कसोटी मात्र नकाशापुरती राहिली नाही. आजही यीस्टचे सारखाच दोष असलेले दोन वाण हाती आले, की प्रयोगशाळेत आधी त्यांचा संकर करून पाहतात: एकाची उणीव दुसरा भरतो का?