एका भाषणाचा सिनेमा

रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्यावरचा ‘ऑन द बेसिस ऑफ सेक्स’ (2018) पाहिला नसेल तर जरूर पाहा, पण शेवटच्या भाषणावर फार विसंबू नका.

मिमी लेडर यांच्या या सिनेमाचं बळ खटल्याच्या निवडीत आहे. चार्ल्स मॉरिट्झ यांना आईच्या देखभालीच्या खर्चावर करसवलत नाकारली गेली, कारण ते अविवाहित पुरुष होते. सांभाळ करायचा तो बाईनंच, असं धरून चालणारा कायदा पुरुषालाही कसा नडतो, हे इथे नेमकं कळतं.

खटकतं ते पुढे. कोर्टात आधी अडखळणारी रूथ शेवटी तडफेनं बोलते आणि बाजी मारते. आपण अडखळलो नव्हतो, असं खुद्द गिन्सबर्ग यांनीच सांगितलं होतं. शिवाय कायदा एका भाषणानं बदलत नाही. समान संरक्षणाचं कलम अमेरिकी घटनेत 1868 मध्ये आलं. त्याच्या आधारे स्त्रियांना डावलणारा कायदा सर्वोच्च न्यायालयानं प्रथम रद्द केला तो 1971 मध्ये. समलिंगी जोडप्यांना देशभर विवाहाचा हक्क मिळायला 2015 उजाडलं. त्या निकालाच्या बाजूच्या पाच न्यायमूर्तींत गिन्सबर्ग होत्या.

हा लांबचा रस्ता सिनेमात दिसत नाही आणि आपल्याला तोच ठाऊक हवा. अमेरिकेत लग्न केलेल्या मराठी समलिंगी जोडप्याचा विवाह भारतात कायदा मानत नाही. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न संसदेवर सोपवला. सिनेमा संपल्यावर घरात त्याबद्दलही बोला.