धर्मपीठाची मध्यस्थी आणि तिच्या मर्यादा : बीगल सामुद्रधुनीचा वाद

धर्म हे संघर्षाचे मूळ आहे आणि धर्म हाच शांततेचा मार्ग आहे, या दोन्ही भूमिका आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात सरसकट मांडल्या जातात. जॉन्स्टन व सॅम्प्सन यांनी संपादित केलेल्या ‘रिलिजन, द मिसिंग डायमेन्शन ऑफ स्टेटक्राफ्ट’ (१९९४) या ग्रंथाने राजनयातील धर्माच्या उपेक्षेकडे लक्ष वेधले, हे त्याचे श्रेय होय. तथापि धर्म नेमके काय साधतो, हे प्रत्यक्ष उदाहरणावर तपासून पाहणे आवश्यक आहे.

बीगल सामुद्रधुनीतील पिक्टन, नुएवा व लेनॉक्स ही बेटे १९७७ च्या लवादाने चिलीला दिली. अर्जेंटिनाने हा निवाडा १९७८ मध्ये अमान्य केला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल सामोरे यांना पाठविले. ८ जानेवारी १९७९ रोजी माँटेव्हिडिओ येथे उभय पक्षांनी मध्यस्थी मान्य केली. १९८० चा पोपचा प्रस्ताव चिलीने स्वीकारला. अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने मात्र स्वीकारला नाही. अखेर २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये करार झाला. बेटे चिलीकडेच राहिली. सागरी हद्दीबाबत अर्जेंटिनाला सवलती मिळाल्या.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. जे न्यायिक निवाड्याने नाकारले गेले, ते धर्मपीठाच्या मध्यस्थीने प्रतिष्ठा राखून स्वीकारता आले. धर्माचे हे कार्य खरे आहे. परंतु तोडगा प्रत्यक्षात उतरला तो फॉकलंड युद्धातील पराभव आणि १९८३ मधील लोकशाहीची पुनःस्थापना यांनंतर, जनमत कौलाच्या आधाराने. म्हणजे धर्मपीठाने वेळ मिळवून दिला. निर्णय राजकारणाने केला.

याची उलट बाजूही आहे. १९८२ मध्ये त्याच पोपनी ब्रिटन व अर्जेंटिना या दोन्ही देशांना भेट दिली. तरीही फॉकलंडचे युद्ध थांबले नाही. बीगल वादात दोन्ही समाज कॅथलिक होते आणि दोन्ही सरकारांनी मध्यस्थ स्वेच्छेने स्वीकारला होता. ही परिस्थिती सर्वत्र आढळत नाही. भिन्नधर्मीय राष्ट्रांच्या वादात एकाचे धर्मपीठ दुसऱ्याला पक्षपाती वाटण्याचा संभव असतो.

तात्पर्य, धर्म हा संघर्षनिराकरणाचा पर्याय नसून, विश्वास आणि अवधी निर्माण करणारे एक साधन आहे. त्याचे मूल्यमापन श्रद्धेने किंवा तिरस्काराने न करता प्रसंगागणिक केले पाहिजे.