ढेकर मोजला, शेणाचं काय?

एर्मियस केब्रियाब हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण त्यांचा आकडा नक्की ऐकला असेल. समुद्रशेवाळ खाऊ घातलं की गुरांचा मिथेन ८० टक्क्यांनी घटतो! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुविज्ञान विभागातले हे प्राध्यापक, मूळचे इरिट्रियाचे. आकडा खोटा नाही. पण या एका आकड्यापायी त्यांचं जास्त मोलाचं काम झाकलं गेलंय, असं मला वाटतं.

आधी शेवाळ. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात, पहिल्या कप्प्यात, चारा आंबतो आणि हायड्रोजन सुटतो. काही सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात आणि गाय तो ढेकरावाटे सोडते. (हो, बहुतेक सगळा तोंडातूनच. पादण्याचे विनोद आता पुरे.) अ‍ॅस्परागॉप्सिस या लाल शेवाळातलं ब्रोमोफॉर्म मिथेन बनण्याची शेवटची पायरी अडवतं.

२०१९ साली डेव्हिसला १२ होल्स्टीन गाईंवर प्रयोग झाला. जास्त मात्रेत मिथेन खूप घटला, पण गाईंचं खाणं ३८ टक्क्यांनी आणि दूध सुमारे १२ टक्क्यांनी कमी झालं. गाय जेवलीच नाही तर ढेकर कमी येणारच, नाही का? २०२१ साली २१ बैलांवर १४७ दिवस प्रयोग केला. दोन मात्रांना सरासरी घट ४५ आणि ६८ टक्के आली, वजनवाढीला धक्का लागला नाही. ते प्रसिद्ध ८० टक्के मिळाले ते चारा कमी आणि धान्य जास्त अशा आहारावर, जास्त मात्रेत. २०२४ साली मोंटानात मोकळ्या चरणाऱ्या गुरांना शेवाळाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा घट सुमारे ३८ टक्के निघाली.

हे सगळं केब्रियाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच छापलंय, कुणी लपवलेलं नाही. बातम्यांनी मात्र धान्यावर पोसलेल्या बैलांचा आकडा उचलला आणि जगभरच्या गाईंना चिकटवला. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या गटाला २०२१ मध्येच दुधात ब्रोमोफॉर्म सापडलं होतं, हेही त्या बातम्यांत अभावानेच दिसतं.

आता शेण. या तीन प्रयोगांचा मुख्य आकडा ढेकराचा आहे. गाय यंत्रात तोंड घालते, तिथे वायू मोजला जातो. कॅलिफोर्नियाच्या मोठ्या गोठ्यांत शेण पाण्याने धुऊन उघड्या तळ्यांत सोडतात. तिथे ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे तळंच एक मोठं पोट होऊन बसतं. २०१६ च्या कायद्याने या राज्याला २०३० पर्यंत दुग्धव्यवसाय आणि पशुपालनाचा मिथेन २०१३ च्या तुलनेत ४० टक्के कमी करायचाय. म्हणून तळ्यांवर आच्छादन घालून वायू पकडायचा आणि वाहनांचं इंधन म्हणून विकायचा, यावर भर आहे. पण यातून कार्बन पकडला जातो, नायट्रोजन मागेच राहतो. तो खत म्हणून शेतात जातो, पिकाला नको असलेला झिरपतो, आणि सेंट्रल व्हॅलीतल्या कित्येक विहिरींच्या पाण्यात नायट्रेट म्हणून निघतो. ते पाणी पिणारी माणसं बरेचदा शेतमजूर असतात.

म्हणून मला केब्रियाब यांचं जुनं, कुणी बातमी न केलेलं काम महत्त्वाचं वाटतं. इंग्लंडमध्ये रेडिंगला असताना, २००० च्या आसपास, त्यांनी दुभत्या गाईच्या नायट्रोजनचा हिशोब मांडला: किती खाल्ला, किती दुधात गेला, किती शेणात, किती मुतात. खाण्यातली प्रथिनं एका मर्यादेपुढे वाढवली की दूध फारसं वाढत नाही, जादा नायट्रोजन मुतावाटे निघून जातो. मुतातल्या युरियाचा शेणाशी संबंध आला की भराभर अमोनिया होतो. म्हणजे विहिरीचं पाणी सुधारायची एक चावी गव्हाणीत आहे. मालकाचा पेंडीचा खर्चही वाचतो. यात चमत्कार काही नाही, वहीत जमाखर्च लिहावा तसं काम आहे. बहुधा म्हणूनच त्याची बातमी होत नाही.

आणि आपल्याकडे? आपल्यातले पुष्कळजण ‘भारतात एवढी गुरं, द्या ना शेवाळ’ असं सहज म्हणून जातात. सोलापूरकडची गाय ज्वारीच्या कडब्यावर, ऊस पट्ट्यातली वाढ्यांवर जगते. म्हणजे चारा जास्त, धान्य कमी. नेमकं तिथेच शेवाळाचा परिणाम कमी दिसला होता. शिवाय आपल्या बहुतेक गोठ्यांतलं शेण तळ्यात नाही, उकिरड्यावर जातं, आणि कोरड्या ढिगातून मिथेन बराच कमी सुटतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने ‘हरित धारा’ नावाचं पूरक खाद्य काढलंय, वनस्पतींतल्या टॅनिनवर आधारलेलं. त्याचा दावा १७ ते २० टक्के घटीचा आहे. हा आकडा ८० पुढे फिका दिसतो खरा, पण तो आपल्याकडची वैरण धरून काढलेला आहे. चार गाईंच्या मालकाला तो परवडतो का, हे मात्र गोठ्यात जाऊनच मोजावं लागेल.