गवत्याचा खोटा फणा

पावसाळ्यात राधानगरी-दाजीपूरच्या सड्यांवर जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचतं, कडेनं गवत उठतं आणि भेकांच्या मागावर गवत्या बाहेर पडतो. गवताच्याच रंगाचा, साधारण दोन फुटांचा, माणसाला सहसा न चावणारा साप. वाट अडली की मात्र तो पुढचं अंग उचलतो आणि मान चपटी करतो. ताणामुळे खवले एकमेकांपासून सुटतात, एरवी झाकलेली कातडी उघडी पडते. 'नाग हाय, नाग!' म्हणत कुणीतरी काठी काढतो आणि प्रयोग नटासकट संपतो.

या नकलेतला संयम मला मोठा वाटतो. फणा नागाइतका रुंद होत नाही, फूत्काराचा गाजावाजा नाही. भयानक रस नुसता सुचवून तो थांबतो. पिल्लाच्या मानेवर बाणासारखी काळी खूण असते, ती वाढत्या वयात पुसट होत जाते. शास्त्राला काय वाटेल ते वाटो, मला त्यात रंगभूषेवर भिस्त ठेवणारा नवखा आणि नुसत्या मानेवर प्रसंग तोलणारा मुरलेला नट दिसतो.

याच संहितेचा भडक प्रयोग उत्तर अमेरिकेत होतो. तिथला हॉगनोज साप नात्यानं गवत्याचा लांबचा, पण आवड तीच: भेक. जमिनीत दडलेले भेक उकरायला त्याच्या नाकाचा शेंडा डुकराच्या नाकासारखा वर वळलेला. तोही मान पसरतो, जोरात फुसकारतो, तोंड मिटून खोटे हल्ले करतो. एवढ्यानं भागलं नाही तर भयानकातून थेट बीभत्सात उडी: गडबडा लोळून उताणा, तोंड उघडं, जीभ लोंबती, अंगाला घाण वास. उचलून पालथा केला तर पुन्हा उताणा होतो. मेलेला साप उताणाच असला पाहिजे, हा त्याचा हट्ट! एवढ्या मेहनतीवर तिथंच पाणी पडतं. पण अशा चुकीसाठीच पुन्हा बघावासा वाटणारा हा नट आहे.

मेल्याचं सोंग घेतलं तरी त्याचं लक्ष प्रेक्षकांवर असतं. बर्गहार्ट आणि ग्रीन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८८ साली नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. समोरचा माणूस टक लावून पाहत असेल तर पिल्लं जास्त वेळ मेलेली राहत; त्यानं नजर वळवली की लवकर सावरत. अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या एवढं भान! आमच्या कितीतरी हौशी नटांना ते पंचविसाव्या प्रयोगालाही येत नाही.

म्हणूनच हा साप पाळण्याची हौस मला चमत्कारिक वाटते. अमेरिका-युरोपात तो लोकप्रिय आहे: आकारानं बेताचा, सहसा न चावणारा, भेकांऐवजी गोठवून मग कोमट केलेल्या उंदरांवरही राहणारा. सुरुवातीला उंदराला भेकाचा वास लावावा लागतो कधीकधी, एवढंच. पण हाताळणी अंगवळणी पडली की बरेचसे हॉगनोज सोंग टाकून देतात. घाबरायचं कारणच उरत नाही. ज्या कलेसाठी त्याला घरी आणला, तीच पेटीत बंद पडते. मग पाहुण्यांसमोर त्याला ढोसून उताणा पाडणारे भेटतात. तो रसिकपणा नव्हे, छळ आहे.

आपल्याकडे तो मोह आधीच अडवलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातला साप धरून घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि राधानगरी तर १९५८ पासूनचं अभयारण्य. गवत्या बघायचा तो सड्यावरच. फणा उभारला की दोन पावलं मागं सरायचं, त्याला जायला वाट ठेवायची आणि टक लावायची नाही. नजर किंचित बाजूला वळवावी, डोळ्यांच्या कडेतून दिसतं तेवढं पुरे.