एकसरचे वीरगळ आणि त्यांची जागा

ठाणें जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरचा स्थलवर्णनाचा भाग, म्हणजे मुंबई गॅझेटियरचा 14 वा खंड, 1882 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत साष्टी बेटांतील एकसर या गांवावर एक टिपण आहे. बोरिवलीच्या वायव्येस सुमारें मैलभर अंतरावर, तळ्याच्या कांठीं, आंब्यांच्या राईंत सहा शिळा ओळीनें उभ्या असून कोंकणांतील वीरगळांत ह्यांच्या तोडीचे दुसरे बहुधा नाहींत, असा त्या टिपणाचा आशय. कांहीं शिळांवर जमिनीवरील युद्ध कोरलें आहे, कांहींवर आरमारी. टिपणकार खालून वर एकेक पट्टा घेऊन सांगत जातो: उंच नाळीचीं, वल्ह्यांचीं जहाजें, त्यांची चकमक, पडलेले वीर, त्यांस कैलासीं लाभलेलें स्थान, आणि माथ्यावर कलश. दगड झिजत चालला असतां हें टिपण स्वतःच एक साधन झालें आहे. एकसरवर लिहिणारा जो तो त्याच्याच आधारें लिहितो. म्हणून तें तपासून घेणें अवश्य आहे.

वर्णनाची सूक्ष्मता वादातीत आहे. पण वर्णन शिळेचें आहे, जागेचें नाहीं. शिळा ओळीनें उभ्या आहेत, एवढें कळतें. ही ओळ मूळची, कीं आजूबाजूस पडलेले दगड पुढें कोणीं एकत्र आणून उभे केले, ह्याचा निर्णय त्या टिपणावरून होत नाहीं. हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. ओळ मूळची असेल तर सहाही वीर एका कुळाचे वा एका मोहिमेचे मानण्यास आधार मिळतो. नसेल तर भूयुद्ध व जलयुद्ध यांचा परस्परसंबंध केवळ आपल्या कल्पनेंतला. तळें आणि राई ह्या खुणांवरून तर आज ती जागा कोणासही ओळखतां येणार नाहीं. बोरिवली मुंबईचें उपनगर झालें आणि शिळा इमारतींच्या व गल्लीच्या बेचक्यांत आल्या.

काळाविषयींही तीच अडचण. गॅझेटियरनें हे वीरगळ इसवी सनाच्या 11 व्या किंवा 12 व्या शतकांतले ठरविले. पुढील कांहीं विद्वानांनीं ते सुमारें 1265 पर्यंत खालीं आणून, देवगिरीच्या महादेव यादवानें उत्तर कोंकणचा शिलाहार सोमेश्वर ह्याचा जो पाडाव केला त्या युद्धाशीं जोडले. आधार हेमाद्रीच्या राजप्रशस्तीचा. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षां सोमेश्वरानें समुद्रांत बुडणें पत्करलें, असें तींत म्हटलें आहे. ही जुळणी मोहक आहे, आणि म्हणूनच तीविषयीं सावध राहिलें पाहिजे. हेमाद्रि यादवांचा मंत्री. त्याचें वाक्य अलंकाराचें. शिळांवर राजाचें नांव वा शक सांगणारा लेख वाचावयास मिळत नाहीं. जहाजें कोरलेलीं दिसलीं, सोमेश्वर समुद्रांत बुडाल्याचें ठाऊक आहे, तेव्हां हें तेंच युद्ध, हा न्याय इतिहासांत चालूं लागला तर कोंकणच्या किनाऱ्यावर दुसरें आरमारी युद्ध झालेंच नाहीं असें मानावें लागेल!

अशा मुक्या दगडाचें बोलकें अंग एकच, तें म्हणजे त्याची जागा. गोराईच्या खाडीपासूनचें अंतर, पायथ्याची मूळ पातळी, तोंड कोणत्या दिशेस, शेजारीं कोणता दगड, ह्यांवरच पुढचा तर्क चालावयाचा. दप्तराशीं परिचय असलेल्या वाचकांस हें विस्तारानें सांगावयास नको. कालोल्लेख नसलेलें पत्र रुमालांत शेजारच्या पत्रांमुळें तारखेस लागतें. तेंच बाहेर काढून सुंदर चौकटींत बसविलें कीं निव्वळ वळणदार मोडीचा नमुना उरतो. गांवोगांवचे वीरगळ उचलून संग्रहालयांत न्यावे अशी सूचना वारंवार ऐकूं येते, ती करणारांच्या हें ध्यानांत आलेलें दिसत नाहीं.

संग्रहालयावर आमचा रोष नाहीं. सोपाऱ्यास 1882 सालीं पंडित भगवानलाल इंद्रजींस मिळालेला अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा मुंबईस सुरक्षित राहिला, हें योग्यच झालें. लेख असलेला दगड कोठेंही गेला तरी आपली ओळख बरोबर नेतो. सोमनाथपाटणची वि. सं. 1343 ची प्रशस्ति पोर्तुगालांत सिंत्र्याच्या बागेंत जाऊन पडली, तरी आपलें गांव सांगावयास चुकली नाहीं. अर्थात् लेख असला म्हणजे वस्तु वांचतेच असेंही नाहीं. घारापुरीचा शिलालेख पोर्तुगालास धाडला गेला, तो गेलाच. कान्हेरीच्या चैत्याजवळील स्तूपांतून डॉ. बर्ड यांनीं 1839 सालीं काढलेला, संवत् 245 चा ताम्रपट आज उपलब्ध नाहीं; छापून निघालेल्या ठशावर विद्वानांस काम भागवावें लागलें. एकसरच्या शिळांचा असा विश्वसनीय ठसा किती जणांनीं पाहिला आहे?

उलट बाजूही दुबळी नाहीं. जागेवर ठेवा म्हणणें सोपें. पण जागाच राहत नसेल तर? कोंकणांत वीरगळास गांवकरी देव मानून शेंदूर व तेल लावतात. शेंदरानें कोरीव काम बुजतें हें खरें. परंतु देव मानले नसते तर ह्यांतले कितीतरी दगड पायऱ्यांस व पायांत गेले असते, हेंही तितकेंच खरें. शेंदराहून भय आहे तें सिमेंटाचें, रंगाचें आणि दर वेळीं चढत जाणाऱ्या रस्त्याचें. 1972 च्या पुरावस्तु कायद्याचा मुख्य रोख वस्तु परदेशीं जाऊं न देण्यावर व नोंदणीवर आहे. वस्तु गांवांतच राहून हळूहळू जमिनींत गाडली जात असेल, तर त्या कायद्याचा उपयोग थोडा.

ह्या वादांत परळचें उदाहरण उपयोगी पडेल. तेथील प्रचंड शैव शिल्प 1931 सालीं परळ व शिवडी यांमधील रस्त्याच्या कामांत निघालें. मूळ शिल्प परळच्या बारादेवी मंदिरांत पूजेंत राहिलें आणि त्याची प्रतिकृति मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत ठेवली गेली. भक्तांस देव मिळाला, अभ्यासकांस आकृति मिळाली. तडजोड निर्दोष नव्हे. गाभाऱ्यांतील मूर्तीची बारकाईनें पाहणी करणें सोपें नसतें. तथापि मूळ एकीकडे व ठसा दुसरीकडे असल्यानें एकास अपाय झाला तरी सर्वच हातचें जाण्याचें भय राहत नाहीं.

एकसरविषयीं आमचें मत ह्याच धर्तीवर आहे. मूळ शिळा तेथेंच राहाव्या; प्रतिकृति व ठसे संग्रहालयांत जावे. पण त्याआधीं प्रत्येक शिळेची उंची, दिशा, परस्पर अंतर व पायथ्याची पातळी मोजून नकाशा तयार झाला पाहिजे, आणि जमिनीखालीं किती भाग आहे हें जाणत्या हातांनीं पाहिलें पाहिजे. अलीकडे साष्टींत झालेल्या पुरातत्त्वीय पाहणींत उपनगरांतील इतर वीरगळ व गधेगाळ नोंदले गेले आहेत. एकसरच्या शिळा त्यांच्या शेजारीं ठेवून तपासणें आतां शक्य आहे. ठसे घेण्यास सुरुवात सर्वांत खालच्या पट्ट्यापासून व्हावी. युद्धाचा प्रसंग तेथेंच कोरलेला असतो, आणि रस्ता उंच झाला कीं प्रथम तोच बुजतो.